मेसेज जाईना? ॲप काढायच्या आधी हे बघा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक अप्पा दुकानात आले. बाकड्यावर टेकले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मेसेज जाईना म्हणून नातवानं ते काढून पुन्हा टाकलं. आता हिचे आवाज दिसंनात की रे." त्यांची बायको दीड वर्षापूर्वी वारली. तिनं पाठवलेले व्हॉइस मेसेज ते रोज रात्री जेवण झालं की ऐकायचे. नातवानं जागा करायची म्हणून आधी व्हॉट्सॲपचं फोल्डर उडवलं आणि मग ॲप काढलं. बॅकअप कधी लावलेलाच नव्हता. मी शटर अर्धं ओढून दीड तास शोधत बसलो. काही हाती लागलं नाही.

मूळ बिघाड काय होता? त्या संध्याकाळी त्यांचा रोजचा दीड जीबी डेटा संपला होता. रात्री बारा वाजून गेल्यावर तोच मेसेज आपोआप गेला असता.

अहमदपूरला बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. "ग्रुपवर मेसेज जाईना" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही. भावकीचा ग्रुप असतो, बचत गटाचा असतो, शाळेचा असतो, आडतीवरच्या सोयाबीन भावाचा असतो. बिघाड बहुतेक वेळा फुकटात आणि पाच मिनिटांत निघतो. फक्त तपासायचा क्रम चुकवायचा नाही. आणि ॲप काढणं, 'क्लिअर डेटा' दाबणं, फोन रिसेट करणं या तिन्ही गोष्टींना शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

आधी लक्षण ओळखा

मेसेजच्या खालच्या कोपऱ्यात काय दिसतंय ते बघा. चष्मा लावून बघा, कारण इथंच निम्मा निकाल लागतो.

घड्याळ दिसत असेल तर मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. बिघाड तुमच्या बाजूला आहे: नेट, रिचार्ज, तारीख, जागा किंवा सेटिंग.

एक टिक असेल तर मेसेज तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पोचला. पुढच्या माणसाचा फोन बंद असेल, त्याचं नेट बंद असेल, किंवा त्यानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल. तुमच्या फोनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, तो दुरुस्तीला आणू नका. असा मेसेज सर्व्हरवर ३० दिवस थांबतो, तोवर समोरचा फोन चालू झाला नाही तर तो पुसला जातो. काही वेळा त्या माणसानं नंबरच बदललेला असतो. वापरात नसलेला नंबर ९० दिवसांनंतर सिमची कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून दिवसेंदिवस एकच टिक असेल तर साधा कॉल करून नंबर त्याचाच आहे का विचारा.

ग्रुपवर दोन टिक उमटायला ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोचावा लागतो. शंभर जणांत एकाचा फोन बंद असला तरी एकच टिक राहते. ग्रुपवर एक टिक म्हणजे मेसेज गेलाच नाही, असं समजून तोच मेसेज पाच-पाच वेळा टाकणारे खूप जण आहेत. मेसेजवर बोट दाबून 'माहिती'त गेलं की कुणाला पोचला ते नावानिशी दिसतं.

लाल उद्गारचिन्ह म्हणजे फोननं प्रयत्न करून सोडून दिला. लिहायची जागाच गायब असून तिथं फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात असं दिसत असेल, तर तो ग्रुपचा नियम आहे. मेसेज जातो पण समोर चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तो फॉन्टचा प्रश्न. त्याचं पुढं सविस्तर लिहिलंय.

एकाच ग्रुपवर, की सगळीकडं?

ही तपासणी फुकट आहे आणि कुणीच करत नाही. दुसऱ्या एखाद्याला, घरातल्याच माणसाला, नुसतं 'हं' पाठवा. ते गेलं तर नेट, सिम, फोन सगळं ठीक आहे आणि घोळ त्या ग्रुपपुरता आहे. ॲडमिननं ग्रुप बंद ठेवला असेल किंवा तुम्हाला काढलं असेल. दहाव्याचा निरोप टाकायचा असेल तर ॲडमिनला फोन लावा, तो टाकेल.

मजकूर जातो पण फॉरवर्ड होत नाही, अशी तक्रारही याच गटातली. एक मेसेज एका वेळी ५ ठिकाणीच पुढं ढकलता येतो. तो आधीच खूप वेळा फिरलेला असेल, म्हणजे वर दोन बाणांची खूण असेल, तर एका वेळी एकाच ठिकाणी. अफवा आवरायला हा नियम केला आहे. फोन बदलला तरी तो बदलणार नाही.

डेटा आणि रिचार्ज

सगळीकडंच घड्याळ फिरत असेल तर आता डेटा बघा. वर 'फोर-जी' किंवा 'फाइव्ह-जी' लिहिलेलं दिसतं म्हणून नेट आहे असं लोक धरून चालतात. ती अक्षरं फक्त टॉवर सापडला एवढंच सांगतात, डेटा शिल्लक आहे की नाही ते सांगत नाहीत. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. त्या वेगात दोन शब्दांचा मेसेज रखडत जातो आणि फोटो अडकतो. "मजकूर जातो पण फोटो जाईना" असं रात्री आठनंतर कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा डेटा शिल्लक बघतो. कंपनीच्या ॲपमध्ये ते दिसतं, नाहीतर कोटा संपल्याचा एसएमएस आलेला असतो. दिवसभर पोरांनी व्हिडिओ बघितले असतील तर संध्याकाळी हे होणारच.

मुदतही बघा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात १२ नाही, १३ वेळा रिचार्ज लागतो. "एक तारखेला टाकलं होतं" हा हिशोब दर महिन्याला दोन-तीन दिवस मागं सरकत जातो आणि ऐन वेळी पॅक संपलेला असतो.

दोन सिमचा फोन असेल तर डेटा कोणत्या सिमवर लावलाय ते बघा. एका मावशींचा फोन आठवडाभर असाच होता. रिचार्ज पहिल्या सिमवर, डेटा दुसऱ्यावर. मधल्या काळात त्यांच्या बचत गटाच्या बैठकीची तारीख बदलली आणि त्या जुन्या तारखेला जाऊन परत आल्या.

विमान चालू करा, वीस सेकंद थांबा, बंद करा

फ्लाइट मोडमुळं फोन टॉवरची जुनी जोडणी सोडून नव्यानं जोडून घेतो. एसटीत बसून लातूरहून परत येताना फोन बऱ्याचदा लांबच्या, कमजोर टॉवरला धरून बसलेला असतो. गावात आल्यावर जवळचा टॉवर असूनही मेसेज रखडतो तो त्यामुळं. फोन बंद करून चालू केला तरी हेच होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

आणि मग शेजाऱ्याला विचारा, तुमचा जातोय का? त्याचाही जात नसेल तर फोन खिशात ठेवा. आमच्या भागात लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही की टॉवरची बॅटरी उतरते आणि टॉवर बंद पडतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्याकडं लाइट आणि टॉवर दोन्ही ये-जा करत होते, आणि त्याच दिवसांत दुकानात फोन रिसेट करून आणलेल्यांची रांग लागली होती. कधी प्रशासनच इंटरनेट बंद ठेवतं, जसं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये झालं. अशा वेळी साधा कॉल बहुतेक चालतो. मयतीचा निरोप असेल तर फोन लावून सांगा, मेसेजची वाट बघू नका.

तारीख-वेळ

यावर माझा फार जोर असतो, कारण हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. फोन पूर्ण उतरून दोन-चार दिवस पडून राहिला, किंवा जुन्या फोनची बॅटरी काढून घातली, की काही फोनचं घड्याळ मागं जातं, कधी कधी कित्येक वर्षं मागं. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलण्याआधी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. तुमच्या फोनमध्ये २०१५ साल चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. मग तो सुरक्षित जोडणी करत नाही. नेट पूर्ण, टॉवर पूर्ण, तरी मेसेजखालचं घड्याळ हलत नाही. सेटिंगमध्ये 'तारीख आणि वेळ'मध्ये जाऊन 'आपोआप' चालू करा. खालचं वेळक्षेत्र भारताचं आहे ना तेही बघा.

जागा

मेसेज पाठवायच्या आधी फोन तो स्वतःजवळ लिहून ठेवतो. लिहायलाच जागा नसेल तर पाठवणार काय? ३२ जीबीच्या फोनमध्ये सुप्रभातची फुलं, देवांचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ साचत साचत दोन वर्षांत फोन गच्च होतो. लक्षण असं: फोटो काढताना 'जागा नाही' येतं, आलेले फोटो उघडत नाहीत, ॲप मधूनच बंद पडतं.

इथंच त्या अप्पांच्या घरी चूक झाली, म्हणून सावकाश वाचा. बाहेरून फोल्डर पुसायचं नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज मॅनेज करा'. तिथं ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या दाखवतात. आधी ते फिरत आलेले व्हिडिओ काढा. घरच्या माणसांच्या चॅटला हात लावू नका. एक-दोन जीबी मोकळे झाले की बहुतेक फोन वळणावर येतो.

त्यानंतर लगेच बॅकअप बघा. सेटिंग, चॅट, चॅट बॅकअप. शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते तिथं लिहिलेलं असतं. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गुगल खात्याच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो. त्याच १५ जीबीत तुमचे मेल आणि फोटोही असतात. खातं भरलं की बॅकअप थांबतो आणि ती सूचना कुणी वाचत नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा बॅकअप बघितल्याशिवाय फोन परत देत नाही. त्याचे पैसे घेत नाही.

बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर

"ॲप उघडलं की धडाधड मेसेज येतात-जातात, बंद केलं की सगळं गप्प." हे ऐकलं की समजायचं, बचतीची सेटिंग चालू आहे. फोन बॅटरी वाचवायला मागच्या ॲपचं नेट कापतो. सेटिंगमध्ये ॲप, व्हॉट्सॲप, बॅटरी, तिथं 'निर्बंध नाही' करा. मोबाइल डेटामध्ये 'बॅकग्राउंड डेटा' चालू करा. लाइट नसताना पोरं बॅटरी सेव्हर लावतात आणि काढायचं विसरतात, म्हणून उन्हाळ्यात ही तक्रार वाढते.

मजकूर गेला, पण वाचता येईना

लग्नपत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेतला, ग्रुपवर चिकटवला आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. फोनचा यात काही दोष नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तिथं 'म' दिसतो. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही फोनवर तेच अक्षर दाखवतो. तेव्हा डीटीपीवाल्याला स्पष्ट सांगा: युनिकोडमध्ये द्या. त्याच्याकडं रूपांतर करायची सोय असते. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला, तिथं चुका राहतात. घाई असेल तर पीडीएफ किंवा फोटो पाठवा.

जुन्या फोनवर एखादंच अक्षर चौकोनी दिसत असेल, बहुधा 'ॲ', तर त्या फोनमधला फॉन्ट जुना आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. समोरच्याचा फोन तसा असेल तर 'अॅ' असं अ-वर चंद्र देऊन लिहून बघा, नाहीतर शब्दच बदला.

साधा एसएमएस जाईना

अजून कितीतरी घरांत बटणाचा फोन आहे, त्यांच्यापर्यंत निरोप एसएमएसनंच जातो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०. मोजताना काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेली खूण हे सगळं वेगळं धरलं जातं. 'अंत्यविधी' हा आपल्याला चार अक्षरांचा शब्द दिसतो, फोनच्या हिशोबात तो ९ आहे. मेसेज ७० च्या वर गेला की तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. २०० चा मेसेज म्हणजे ३ एसएमएस. ४० पाहुण्यांना पाठवला की १२० झाले, आणि बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात. शेवटच्या सहा-सात पाहुण्यांना निरोप का गेला नाही, याचं उत्तर हे आहे. वेळ, ठिकाण, नाव एवढंच लिहा, ७० च्या आत बसवा.

नवीन सिम काढलंय का, हे पण आठवा. हरवलेल्या किंवा खराब सिमच्या बदल्यात नवं घेतलं की पहिले २४ तास एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद असतं. तुमच्या नावावर दुसऱ्यानंच सिम काढून बँकेचा ओटीपी पळवू नये म्हणून हा नियम आहे. एक दिवस थांबा. काही खर्च करू नका.

शेवटच्या दोन पायऱ्या

इथवर येऊनही घड्याळ हललं नसेल तर प्ले स्टोअरमधून ॲप अपडेट करा. फोन अँड्रॉइड ५ पेक्षा जुना असेल तर त्यावर हे ॲप आता चालणार नाही, कितीही खटपट केली तरी. मग सेटिंगमधून ॲप 'फोर्स स्टॉप' करून पुन्हा उघडा. त्याच पानावर 'क्लिअर कॅशे' असतं, ते दाबायला हरकत नाही, त्यानं चॅट जात नाहीत. त्याच्या शेजारी 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असतं. दोन्ही बटणं एका बोटाच्या अंतरावर आहेत. बोट ठेवायच्या आधी नाव दोनदा वाचा.

इथं थांबा

तुमचं सिम दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घालून बघा. तिथंही टॉवर येत नसेल तर सिम गेलं. मूळ ओळखपत्र घेऊन कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत जा. दुसऱ्याचं चालू सिम तुमच्या फोनमध्ये टॉवर धरत नसेल, तर बिघाड फोनच्या आत आहे, अँटेनाच्या तारेत नाहीतर बोर्डावर. फोन पाण्यात पडला असेल, मागचं झाकण फुगलं असेल, हातात धरवत नाही इतका तापत असेल तर चार्जिंगला लावू नका. बंद करा आणि कारागिराकडं न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, घरी ती टोचून किंवा दाबून बघू नका. बोर्डाचं काम ज्याच्याकडं मायक्रोस्कोप आणि हॉट एअर मशीन आहे त्याच्याकडंच द्या. देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, पावती घ्या, आणि "माझ्या परवानगीशिवाय रिसेट करायचा नाही" हे पावतीवर लिहून घ्या. चांगला कारागीर हे लिहून देतो.

तुम्ही काही न करता ॲप बाहेर पडलं आणि 'हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला आहे' असं दिसलं, किंवा तुमच्या नावानं पाहुण्यांना पैसे मागणारे मेसेज जाऊ लागले, तर हे दुरुस्तीचं काम नाही. आपल्याच नंबरवर सहा आकडी कोड मागवून पुन्हा लॉगिन करा, तो कोड कुणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही. भावकीला कॉल करून पैसे न पाठवायला सांगा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढं सरकते.

आणि खातं बंद केल्याचा संदेश आला असेल, तर तुम्ही कुठून तरी उतरवलेलं रंगीबेरंगी नकली व्हॉट्सॲप वापरताय का ते आठवा. ते वापरल्यानं खातं तात्पुरतं बंद होतं. अशा वेळी चॅट आधी कशा वाचवायच्या हे बघावं लागतं, आणि ते फोनवर बोलून सांगता येत नाही. नकली ॲप काढू नका, फोन तसाच घेऊन कारागिराकडं जा.